आधी कोठावळ्याला विचारा : दुसऱ्या महायुद्धावर वाचकांचे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाची कारणं आणि त्यातली वळणं या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा सूर 'निर्णायक लढाई कोणती, निर्णायक सेनापती कोण' असा आहे. आमचा हेका थोडा वेगळा आहे, तो उत्तरांतून दिसेलच. सेनापतीला विचारण्याआधी कोठावळ्याला, म्हणजे कोठार सांभाळणाऱ्याला, विचारावं. पेट्रोल किती उरलं होतं, गाड्या कुठवर पोचत होत्या, बंदर कोणाच्या ताब्यात होतं, हे त्याला ठाऊक असतं.

प्रश्न : व्हर्सायच्या तहाने जर्मनीचं कंबरडं मोडलं, म्हणून हिटलर आला, असं आम्ही शाळेत शिकलो. एवढं सरळ आहे का?

उत्तर : नाही. पहिलं महायुद्ध संपवणाऱ्या या तहावर सह्या झाल्या २८ जून १९१९ रोजी आणि हिटलर चॅन्सेलर झाला ३० जानेवारी १९३३ रोजी. मधली साडेतेरा वर्षं गिळून टाकली तरच हे गणित सरळ दिसतं.

१९२१ मध्ये जर्मनीने विजेत्यांना द्यायच्या नुकसानभरपाईचा आकडा १३२ अब्ज सुवर्ण मार्क असा ठरला. तो तीन वर्गांच्या रोख्यांत विभागलेला होता. पहिले दोन वर्ग मिळून ५० अब्ज होत. तिसऱ्या वर्गातले ८२ अब्ज वसूल व्हायचे नाहीत हे ठरवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. तो आकडा विजेत्या देशांतल्या मतदारांचं समाधान करण्यापुरता होता. जर्मन मतदाराने मात्र तोच डोक्यात पक्का धरला. १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमने जर्मनीतलं रूर खोरं ताब्यात घेतलं. तिथल्या संपकरी कामगारांना पगार द्यायला सरकारने नोटा छापल्या आणि नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागू लागले. लोकांची आयुष्यभराची पुंजी पाण्यात गेली.

तरीही मे १९२८ च्या निवडणुकीत नाझींना मतं मिळाली फक्त २.६ टक्के. म्हणजे तह होता, महागाईची जखम होती, पण हिटलरला विचारत कोणी नव्हतं. सप्टेंबर १९३० मध्ये तीच मतं १८.३ टक्के झाली आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के. मधल्या काळात मंदी आली, अमेरिकेने दिलेली अल्प मुदतीची कर्जं परत जाऊ लागली, मे १९३१ मध्ये ऑस्ट्रियातली क्रेडिटान्स्टाल्ट बँक कोसळली आणि चॅन्सेलर ब्रुनिंग यांनी ऐन मंदीत पगार कापून कर वाढवले. १९३२ च्या सुरुवातीला नोंदणीकृत बेकार सुमारे ६० लाख होते.

आणखी एक गोष्ट सहसा वगळली जाते. नोव्हेंबर १९३२ मध्ये नाझींची मतं घसरून ३३.१ टक्क्यांवर आली होती. सत्ता त्यानंतर मिळाली, तीही माजी चॅन्सेलर पापेन आणि राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांच्या भोवतालच्या मंडळींनी 'याला आपण मुठीत ठेवू' असा हिशेब केल्यामुळे. तह हे जळण होतं हे मान्य, पण काडी कोणी आणि केव्हा ओढली ते वेगळं सांगावं लागतं.

प्रश्न : युद्धाची सुरुवात १ सप्टेंबर १९३९ ला धरावी की आणखी आधी?

उत्तर : युरोपपुरतं बोलायचं तर १ सप्टेंबर १९३९, पोलंडवरचा हल्ला. चिनी माणसाला विचाराल तर तो ७ जुलै १९३७ सांगेल, बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी जपानी सैन्याशी झालेली चकमक. कोणी त्याहून मागे, १८ सप्टेंबर १९३१ पर्यंत, जपानने ईशान्य चीनमधल्या मांचुरियात हात घातला तिथवर जाईल. युरोपातलं आणि आशियातलं, ही दोन वेगळी युद्धं होती. डिसेंबर १९४१ मध्ये ती एकमेकांना जोडली गेली. जपानने अमेरिकेवर हल्ला केला आणि ११ डिसेंबरला हिटलरने स्वतःहून अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं. जपानशी झालेल्या कराराने त्याच्यावर तशी सक्ती नव्हती.

प्रश्न : अमेरिकेची औद्योगिक ताकद कितीतरी पट मोठी, हे जपानला कळत नव्हतं का? मग पर्ल हार्बर कशासाठी?

उत्तर : कळत होतं, आणि म्हणूनच घाई होती. जपानला लागणाऱ्या तेलापैकी सुमारे ८० टक्के अमेरिकेतून येत होतं. जुलै १९४१ मध्ये जपानी सैन्य दक्षिण इंडोचायनात शिरलं. २६ जुलैला रूझवेल्ट यांनी जपानची अमेरिकेतली मालमत्ता गोठवली आणि काही दिवसांत तेल प्रत्यक्षात बंद झालं. साठा होता तो साधारण दोन वर्षांचा, युद्ध पेटलं तर त्याहून कमी. म्हणजे वाटाघाटीत गेलेला प्रत्येक महिना टाक्या रिकाम्या करत होता. पर्याय दोनच उरले : चीनमधून माघार, नाहीतर डच ईस्ट इंडीजमधलं (आजच्या इंडोनेशियातलं) तेल हिसकावणं. तिकडे जाताना बगलेला फिलिपिन्समधली अमेरिकन ठाणी आणि मागे पर्ल हार्बरचं आरमार. ते आरमार काही महिने जागेवरून हलू नये, एवढ्यासाठी ७ डिसेंबरचा हल्ला.

सहा विमानवाहू नौकांवरून साडेतीनशेच्या आसपास विमानं आली. चार युद्धनौका बुडाल्या आणि २,४०३ अमेरिकन मारले गेले. पण बंदर उथळ. बुडालेल्या चारपैकी दोन युद्धनौका उचलून, दुरुस्त करून पुन्हा लढाईत आणल्या गेल्या. विमानवाहू नौका त्या दिवशी बंदरात नव्हत्या. आणि कोठावळ्याच्या नजरेतून खरी चूक पुढे आहे : सुमारे ४५ लाख पिंपं तेल उघड्यावरच्या टाक्यांत उभं होतं, त्याला धक्का लागला नाही. दुरुस्तीची गोदी आणि पाणबुड्यांचा तळही शाबूत राहिला. तेलासाठी युद्ध पुकारणाऱ्यांनी शत्रूचं तेल तसंच सोडलं!

प्रश्न : हिटलरला मॉस्कोपुढे रशियन थंडीने हरवलं, हे खरं ना?

उत्तर : थंडी आली तेव्हा गाडी आधीच रुतलेली होती.

२२ जून १९४१ ला तीस लाखांवर जर्मन सैनिक रशियात घुसले. सोबत सुमारे ६ लाख वाहनं आणि जवळपास तितकेच घोडे. चित्रपटांतून रणगाडे दिसतात, पण या फौजेचा मोठा भाग पायी चालत होता आणि त्याच्या तोफा घोडे ओढत होते. वाहनं तरी एकसारखी होती का? फ्रान्ससह जिंकलेल्या देशांतून गोळा केलेले ट्रक धरून सुमारे २,००० प्रकार भरत होते. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसत नसे.

आता रुळांकडे या. युरोपात दोन रुळांमधलं अंतर १,४३५ मिलिमीटर, रशियात १,५२४. फरक ८९ मिलिमीटरचा, चार बोटांपेक्षा थोडा जास्त. काम ऐकायला सोपं आहे : लाकडी स्लीपरमधले खिळे उपसायचे, एक रूळ आत सरकवायचा, पुन्हा खिळे ठोकायचे. रेल्वे तुकड्यांनी ते बऱ्यापैकी वेगाने केलंही. घोटाळा त्यानंतर सुरू होतो. रशियन इंजिनांच्या टाक्या मोठ्या, म्हणून तिथल्या पाणी भरायच्या जागा लांब लांब होत्या. जर्मन इंजिनाची टाकी त्याआधीच रिती व्हायची. रशियन कोळसा जर्मन इंजिनाच्या भट्टीत नीट जळत नसे. जर्मन इंजिनांचे बरेच नळ बाहेरच्या बाजूने गेलेले, ते थंडीत गोठून फुटू लागले. आणि जिथे दोन रुंदीचे रूळ भेटत त्या स्थानकात सगळा माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. तिथे गाड्यांची रांग लागून राहायची.

रुळांच्या पुढे ट्रक. साधा हिशेब मांडून पाहा. ट्रकांचा ताफा दिवसाला १५० किलोमीटर जातो असं धरा. फौज रेल्वेच्या टोकापासून १५० किलोमीटरवर असेल तर एक खेप दोन दिवसांची. तीच फौज ६०० किलोमीटरवर गेली तर खेप आठ दिवसांची. ट्रक तेवढेच, पोचणारा माल चौथाई. शिवाय जास्त अंतराचं पेट्रोल तोच ट्रक पिणार, आणि वाटेत मोडणार तेही तोच. जर्मन नियोजनात ट्रकांच्या भरवशावरची मजल ५०० किलोमीटरच्या आसपास संपत होती. मॉस्को सरहद्दीपासून सुमारे हजार किलोमीटर.

म्हणून नोव्हेंबरात निवड करायची वेळ आली. गाड्या मोजक्या, त्यांत गरम कपडे भरायचे की दारूगोळा आणि पेट्रोल? दारूगोळा भरला गेला. कपड्यांचे गठ्ठे मागे गोदामांत राहिले. ५ आणि ६ डिसेंबरला सोव्हिएत प्रतिहल्ला झाला तेव्हा समोरचा सैनिक थंडीने कुडकुडत होता हे खरंच. तो उघडा का होता, याचं उत्तर त्या ८९ मिलिमीटरपासून सुरू होतं.

प्रश्न : पानिपतावर भाऊसाहेबांची रसद तुटली आणि उपासमारीने घात केला. स्टालिनग्राडला जर्मनांचं तसंच झालं असं म्हणता येईल का?

उत्तर : वेढा आणि उपासमार इथवर तुलना चालते. पुढे एक मोठा फरक आहे : स्टालिनग्राडला आकाशातून रसद पोचवू असं वचन दिलं गेलं होतं, आणि त्या वचनावर निर्णय घेतला गेला.

१९ नोव्हेंबर १९४२ ला सोव्हिएत हल्ला सुरू झाला तो शहरावर नव्हे, बगलेला असलेल्या रुमानियन फौजांवर. रणगाडे फोडू शकतील अशा तोफा त्यांच्याकडे फारच थोड्या होत्या. चार दिवसांत, २३ तारखेला, कलाचजवळ चिमटा मिटला आणि अडीच लाखांवर माणसं आत अडकली. वेढलेल्या जर्मन सहाव्या सैन्याची किमान मागणी होती दिवसाला ५०० टन. हवाई दलप्रमुख गोरिंगने होकार दिला. त्याच वर्षीच्या सुरुवातीला देम्यान्स्क इथे सुमारे एक लाख वेढलेल्या सैनिकांना विमानांनी जगवलं होतं, तो दाखला सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता. पण तिथे माणसं निम्म्याहून कमी, विमानतळ जवळ, आणि सोव्हिएत लढाऊ विमानं विरळ.

युंकर्स ५२ हे मालवाहू विमान साधारण २ टन नेई. ५०० टनांसाठी रोज २५० फेऱ्या हव्यात. थंडीत निम्म्याहून जास्त विमानं जागेवरच. इंजिन तापवल्याशिवाय सुरू होत नाही, तापवायचं यंत्र स्वतः गोठलेलं, दिवस आखूड, धुकं, पंखांवर बर्फ. २४ डिसेंबरला सोव्हिएत रणगाडे थेट तात्सिन्स्काया विमानतळावर घुसले, तो तळ गेला आणि अंतर वाढलं. १६ जानेवारीला आतली मुख्य धावपट्टी पितोम्निक पडली. सरासरी पोचलं ते दिवसाला जेमतेम १०० टनांच्या आसपास. या कामात जवळपास ५०० विमानं गेली. त्यांतली कित्येक वैमानिक शिकवणाऱ्या शाळांतून शिक्षकांसकट आणलेली होती, म्हणजे पुढच्या वर्षीचं बियाणंच दळून खाल्लं.

'वेढा फोडून बाहेर का आले नाहीत' असाही एक प्रश्न आला आहे. डिसेंबरात जर्मन सेनापती मान्स्टाइनची सुटकेची फौज सुमारे ५० किलोमीटरवर येऊन थांबली होती. आतल्या रणगाड्यांत पेट्रोल होतं ३० किलोमीटरचं. तोफा ओढणारे बहुतेक घोडे हिवाळ्याआधीच चाऱ्यासाठी मागे पाठवलेले होते. हिटलरने परवानगी दिली नाही हे खरं. दिली असती तरी तोफा आणि जखमी तिथेच टाकून निघावं लागलं असतं. २ फेब्रुवारी १९४३ ला शेवटच्या तुकड्यांनी शस्त्रं टाकली. सुमारे ९१,००० कैदी झाले, घरी परतले ५,००० ते ६,०००.

प्रश्न : मिडवेची लढाई अमेरिकेने नशिबाने जिंकली म्हणतात. गुप्तसंदेश आधीच फोडले होते तर नशीब कसलं?

उत्तर : दोन्ही होतं. संदेश फोडल्यामुळे अमेरिकन नौका योग्य जागी होत्या. पुढची पाच मिनिटं नशिबाची.

जपानी संदेशांत हल्ल्याचं ठिकाण 'एएफ' असं येत होतं. पर्ल हार्बरच्या तळघरात बसणाऱ्या रोशफोर्टच्या संदेश फोडणाऱ्या गटाला ते पॅसिफिकमधलं मिडवे हे अमेरिकेचं बेट वाटत होतं, वॉशिंग्टनला खात्री नव्हती. मग एक सापळा रचला. समुद्राखालच्या तारेने, म्हणजे जपान्यांना ऐकू येणार नाही अशा वाटेने, मिडवेला कळवलं : 'आमचं गोड्या पाण्याचं यंत्र बिघडलं' असा संदेश रेडिओवरून, साध्या भाषेत पाठवा. लवकरच जपानी संदेशात आलं की 'एएफ'वर पाण्याची टंचाई आहे. संशय फिटला. दुसरीकडे कोरल समुद्रात जखमी झालेली यॉर्कटाउन ही विमानवाहू नौका २७ मे रोजी पर्ल हार्बरच्या गोदीत आली. एरवी दुरुस्तीला काही महिने लागले असते. तिला सुमारे तीन दिवसांत लढण्याजोगी करून सोडलं. याच गोदीला पर्ल हार्बरच्या सकाळी कोणी हात लावला नव्हता, हे आठवा.

४ जून १९४२ ला सकाळी जपानी नौकांच्या बंदिस्त हँगरांत विमानांवरचे बॉम्ब काढून टॉर्पेडो चढवणं, पुन्हा इंधन भरणं, अशी धांदल चालू होती. अमेरिकेची टॉर्पेडो टाकणारी विमानं आधी आली आणि जवळपास सगळी पडली. एका तुकडीची तर १५ पैकी १५. पण त्यांना पिटाळण्यात जपानी लढाऊ विमानं खाली, पाण्यालगत गुंतली. तेवढ्यात १०:२० च्या सुमारास उंचावरून सूर मारणारी बॉम्बफेकी विमानं पोचली. दोन गट वेगवेगळ्या वाटांनी, एक तर चाचपडत, पण एकाच वेळी. अकागी, कागा, सोर्यू या तीन नौका पाचेक मिनिटांत पेटल्या. चौथी हिर्यू संध्याकाळी.

एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. 'मिडवेला जपानचे सगळे कसलेले वैमानिक संपले' हे वाक्य पत्रांत तीनदा आलं. तिथे गेले ते साधारण ११०. वैमानिकांची खरी झीज झाली ग्वादलकनाल आणि सॉलोमन बेटांवर, पुढच्या दीड वर्षात, रोज थोडी थोडी. तिथे माल पोचवायला जपानी विनाशिका रात्री धावत. विनाशिकेला मालाची कोठारंच नसतात, अवजड तोफा उतरवता येत नाहीत. जपानी सैनिकांनी त्या बेटाच्या नावावर कोटी करून त्याला उपासमारीचं बेट म्हणायला सुरुवात केली.

प्रश्न : अमेरिकन पाणबुड्यांचे टॉर्पेडो फुटतच नव्हते हे कितपत खरं? एवढ्या प्रगत देशात असं कसं?

उत्तर : पूर्ण खरं. मार्क १४ टॉर्पेडोत एक नव्हे, तीन दोष होते, आणि एका दोषाखाली दुसरा झाकला गेला होता.

पहिला, तो लावलेल्या खोलीपेक्षा सुमारे ३ मीटर खालून जायचा. चाचणीच्या वेळी पुढे हलकं टोक बसवलं होतं, प्रत्यक्षातलं स्फोटक टोक जड. शिवाय खोली मोजणारा भाग अशा जागी होता की पळत्या टॉर्पेडोभोवतीच्या प्रवाहामुळे दाब कमी दिसायचा, मग टॉर्पेडो स्वतःला वर समजून खाली जायचा. दुसरा दोष चुंबकीय स्फोटकाचा : जहाजाच्या पोलादाने चुंबकीय क्षेत्र बदललं की खालून फुटायचं, अशी कल्पना. पण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं नसतं. पॅसिफिकमध्ये तो कधी आधीच फुटे, कधी फुटतच नसे.

खोली दुरुस्त केली, चुंबकीय भाग काढून टाकला, तेव्हा तिसरा दोष उघडा पडला. जहाजावर नेमका काटकोनात आदळला की आतली आघातपिन धक्क्याने वाकून अडकायची. तिरका लागला तर मात्र फुटायचा. म्हणजे जितका नेम चांगला तितकी खात्रीने निराशा! जुलै १९४३ मध्ये टिनोसा या पाणबुडीने तोनान मारू ३ या जहाजावर एकामागून एक टॉर्पेडो सोडले. बहुतेक नुसते आपटून बुडाले. शेवटी उंचावरून टॉर्पेडो पोलादी पत्र्यावर टाकून पाहिलं, पिन हलक्या मिश्रधातूची केली, आणि १९४३ च्या शरदात काम भागलं.

प्रगत देशात असं का घडलं? टॉर्पेडो महाग, म्हणून युद्धाआधी खरे फोडून पाहिलेच नाहीत. आणि तक्रार आली की कारखान्याकडचं उत्तर ठरलेलं असायचं, नेम चुकला असेल. नॉर्वेच्या मोहिमेत, १९४० मध्ये, जर्मन पाणबुड्यांनीही जवळपास हाच अनुभव घेतला होता. दोष गेल्यावर मात्र याच पाणबुड्यांनी जपानच्या बुडालेल्या व्यापारी जहाजांपैकी निम्म्याहून जास्त बुडवली.

प्रश्न : अटलांटिकमधलं वळण कोणतं?

उत्तर : मे १९४३. त्या एका महिन्यात जर्मनीच्या ४० हून अधिक पाणबुड्या बुडाल्या आणि २४ मे रोजी जर्मन नौदलप्रमुख डोनिट्झने उत्तर अटलांटिकमधून उरलेल्या मागे घेतल्या. जर्मनांचं एनिग्मा हे सांकेतिक संदेशांचं यंत्र ब्रिटिशांनी फोडलं, हे एकच कारण सांगितलं जातं, ते अपुरं आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांच्या एनिग्मात चौथं चक्र आलं आणि ब्रिटिश दहा महिने आंधळे झाले. ३० ऑक्टोबर १९४२ ला बुडत्या यू-५५९ या जर्मन पाणबुडीमधून सांकेतिक पुस्तकं बाहेर काढली गेली तेव्हा वाट पुन्हा सापडली. पुस्तकं देऊन परत आत गेलेले फॅसन आणि ग्रेझियर हे दोन ब्रिटिश नौसैनिक तिच्याबरोबरच बुडाले. त्याला जोड मिळाली १० सेंटिमीटर लहरीच्या रडारची, जे रात्री पाण्यावर आलेल्या पाणबुडीचा छोटा मनोराही टिपायचं, आणि महासागराच्या मधल्या पट्ट्यापर्यंत पोचणाऱ्या लिबरेटर विमानांची. त्या पट्ट्यावर आधी कुठलंच विमान जात नव्हतं, आणि पाणबुड्यांचे कळप तिथेच टपलेले असत. पलीकडे अमेरिकेत २,७१० लिबर्टी मालवाहू जहाजं बांधली गेली. बुडवण्याच्या वेगापेक्षा बांधण्याचा वेग जास्त झाला.

प्रश्न : नॉर्मंडीनंतर पॅरिस मुक्त झालं, मग बर्लिनला पोचायला आणखी आठ महिने का लागले?

उत्तर : बंदर नव्हतं म्हणून. होतं, पण उघडलं नव्हतं.

ऑगस्ट १९४४ च्या अखेरीस अमेरिकन सेनापती पॅटनचं सैन्य म्यूज नदीपाशी पेट्रोलविना थांबलं. पेट्रोल फ्रान्समध्ये होतं, पण शेकडो किलोमीटर मागे, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर. रेल्वे दोस्त राष्ट्रांनीच बॉम्बने उखडलेली. २५ ऑगस्टपासून 'रेड बॉल एक्स्प्रेस' नावाची ट्रकांची अखंड साखळी सुरू झाली. भर असताना सुमारे ६,००० ट्रक दिवसाला १२,००० टनांवर माल नेत होते. चालकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक होते. पण ट्रक झिजतात, टायर फाटतात, चालक झोपेने कलंडतात.

४ सप्टेंबरला ब्रिटिशांनी बेल्जियममधलं अँटवर्प बंदर घेतलं, धक्के आणि क्रेन शाबूत. जल्लोष झाला आणि तिथेच चूक झाली. अँटवर्प समुद्रावर नाही, शेल्ट नदीच्या मुखातून सुमारे ८० किलोमीटर आत आहे. मुखाचे दोन्ही काठ जर्मनांकडे राहिले. काठ साफ करायचं काम मागे पडलं, हॉलंडमधल्या आर्नेमची हवाई मोहीम पुढे आली. कॅनडाच्या सैन्याने वाल्चरन बेटापर्यंतची चिखलातली लढाई नोव्हेंबरात संपवली, मग सुरुंग काढले, आणि पहिला जहाजांचा ताफा आत आला २८ नोव्हेंबरला. ८५ दिवस गेले. त्या शरदातली सर्वांत महाग चूक आमच्या मते आर्नेम नव्हे, ही आहे.

आणखी एका लहान वस्तूबद्दल सांगायला हवं : पेट्रोलचा डबा. उत्तर आफ्रिकेत ब्रिटिश पातळ पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून पेट्रोल नेत, आणि गळतीत सुमारे ३० टक्के वाया जाई. जर्मन २० लिटरचा डबा दोन दाबीव अर्धांचा, आत घेतलेल्या जोडावर वितळजोड केलेला. झाकण खटक्याचं, पान्याची गरज नाही. वर हवेची पोकळी, त्यामुळे उन्हात फुगायला जागा राहते आणि भरलेला डबा पाण्यावर तरंगतो. मुठी तीन : भरलेला डबा, सुमारे २० किलो, दोघांनी बाजूच्या मुठींना धरावा, आणि रिकामे असतील तर एका हातात दोन. ब्रिटिशांनी तो जसाच्या तसा उचलला. अमेरिकनांनी आधी पेचाचं झाकण आणि मुडपलेला जोड करून बिघडवला. १९४४ मध्ये पेट्रोल असूनही डबे कमी पडले, कारण सैनिक रिकामे डबे रस्त्याकडेला फेकत पुढे गेले.

प्रश्न : इंफाळ-कोहिमाला जागतिक वळणांत जागा का मिळत नाही?

उत्तर : युरोपात त्याच दिवसांत नॉर्मंडी चालू होती, म्हणून. रसदीच्या दृष्टीने मात्र ही शिकण्यासारखी लढाई. मार्च १९४४ मध्ये जपानी सेनापती मुतागुचीने तीन डिव्हिजन, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकड्या, चिंदविन नदीपार पाठवल्या, सोबत आझाद हिंद सेनेच्या तुकड्या होत्या. शिधा साधारण तीन आठवड्यांचा. मांसासाठी गुरांचे कळप हाकत नेले, त्यांतली बरीच नदीत आणि डोंगरात गेली. बाकी ब्रिटिशांची कोठारं लुटून भागवायचं, असा बेत. ब्रिटिश सेनापती स्लिम यांनी सैन्य इंफाळच्या मैदानात मागे घेतलं आणि दीड लाखाच्या आसपास माणसं विमानांनी पोसली. स्टालिनग्राडला जे जमलं नाही ते इथे जमलं, कारण आकाश दोस्तांचं होतं आणि धावपट्ट्या हातातून गेल्या नाहीत. कोहिमापुढचं दिमापूरचं रेल्वे कोठार जपान्यांनी घेतलंच नाही. मे संपताना सातो या डिव्हिजन-प्रमुखाने हुकूम मोडून माघार घेतली, कारण खायला काही आलं नव्हतं. जपानी मृतांत भूक आणि रोगाने गेलेले फार मोठ्या संख्येने होते.

प्रश्न : एखादी मोहीम स्वतः तपासायची तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर : बाणांचे नकाशे बाजूला ठेवा. साधा रेल्वे-नकाशा घ्या. सैन्याच्या मागचं शेवटचं चालू रेल्वे स्थानक आणि शेवटचं चालू बंदर, दोन्हींवर तारीख घालून खूण करा. तिथपासून आघाडीपर्यंतचं अंतर रस्त्याच्या वळणांवर दोरा ठेवून मोजा, सरळ रेषेत नको. मग डिव्हिजन मोजा. १९४४ मधल्या अमेरिकन डिव्हिजनला चढाईत सगळं धरून दिवसाला ६०० टनांच्या आसपास लागत असे, जर्मन डिव्हिजन निम्म्यात भागवी. येणारे टन आणि लागणारे टन समोरासमोर लिहा. ज्या तारखेला पहिला आकडा दुसऱ्याच्या खाली जातो ती नोंदवा. इतिहासात लिहिलेली 'निर्णायक' तारीख बहुधा त्यानंतर येते. येत नसेल तर शोधण्यासारखं काही आहे समजा, कदाचित शत्रूचं एखादं कोठार हाती लागलेलं असेल.

प्रश्न : पर्ल हार्बरची तारीख कुठे ७ डिसेंबर, कुठे ८ डिसेंबर दिसते. चूक कोणाची?

उत्तर : कोणाचीच नाही. मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. हवाईत ७ तारीख होती, टोकियोत ८. मलायातल्या कोटा बारूला जपानी सैन्य उतरलं ते ८ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, आणि घड्याळ जुळवलं तर ते पर्ल हार्बरच्या सुमारे तासभर आधी. जर्मन शरणागतीही पश्चिमेत ८ मे आणि मॉस्कोत ९ मे. जपानी नौका कुठेही असल्या तरी घड्याळ टोकियोचं लावत. त्यामुळे मिडवेचा तो क्षण स्थानिक वेळेनुसार ४ जून, सकाळी १०:२५, आणि जपानी नोंदवहीत ५ जून, सकाळी ७:२५.